गाळात उरलेलं

बोलायला लागल्यावर त्या मुलाने जे पहिले काही शब्द उचलले, त्यांत एक होता ‘सॉल्ट’. मीठ. वर्षभराचा असताना हातात खारं बिस्कीट दिलं की तो वरचं मीठ तेवढं चाटून घ्यायचा आणि दुसऱ्या बिस्किटासाठी हात पुढे करायचा. दीडेक वर्षाचा झाला तेव्हा त्याला टेबलावरच्या मिठाच्या डबीचा शोध लागला. मग जेवायला बसलं की आधी ती डबी हवी. मिळाली नाही तर रडून आकांत. नुसतं मीठ तोंडात टाकायचा आणि शांत व्हायचा. शेवटी आईवडिलांनी हात टेकले. खातोय तर खाऊ दे म्हणाले.

साडेतीन वर्षांचा असताना त्याच्या अंगावर अकाली वयात येण्याची लक्षणं दिसू लागली, म्हणून त्याला अमेरिकेत बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात तपासणीसाठी ठेवलं. तिथे इतर मुलांना मिळायचं तेच जेवण त्याला मिळू लागलं. मिठाची डबी नव्हती. सातव्या दिवशी मूल दगावलं.

तिथल्याच लॉसन विल्किन्स आणि कर्ट रिक्टर या दोघांनी ही हकिगत १९४० साली छापली. शवविच्छेदनात दिसलं की मूत्रपिंडांच्या माथ्यावर बसलेल्या ॲड्रिनल ग्रंथींच्या बाहेरच्या थरात निरोगी पेशी जवळपास नव्हत्याच. डॉक्टरांनी आईवडिलांना पत्र लिहून सगळं विचारून घेतलं, तेव्हा कुठे ती बिस्किटं, ती डबी, तो शब्द पुढे आला. म्हणजे जे वैद्यकाला कळलं नव्हतं ते त्या मुलाच्या जिभेला कळलं होतं. दोन-अडीच वर्षं त्याने स्वतःच स्वतःला जगवलं होतं. ही हकिगत पहिल्यांदा वाचली तेव्हा पुढचं पान उलटायला मला बराच वेळ लागला.

त्याच्या अंगातलं मीठ लघवीवाटे वाहून जात होतं. ते रोखणारं जे काही त्याच्या शरीरात तयार होत नव्हतं, त्याचं नाव १९४० साली जगात कुणालाच ठाऊक नव्हतं. ते हाती लागायला आणखी तेरा वर्षं जायची होती. आणि लागलं ते अशा ठिकाणी, जिथून नामांकित रसायनशास्त्रज्ञ सगळं काढून घेऊन केव्हाच पुढे निघून गेले होते.

मूत्रपिंड रक्त गाळतं, एवढं सांगून आपण मोकळे होतो. पण गाळणं हा त्याच्या कामाचा सोपा भाग आहे. दोन्ही मूत्रपिंडं मिळून दिवसभरात साधारण १८० लिटर द्रव गाळून काढतात. त्यात विरघळलेलं मीठ भरतं दीड किलोच्या आसपास. वाण्याकडून आणलेली एक किलोची अख्खी पिशवी आणि दुसरीतली अर्धी, एवढं मीठ रोज रक्तातून बाहेर काढलं जातं आणि जवळजवळ सगळं पुन्हा आत घेतलं जातं. लघवीतून बाहेर पडतं ते पाच-दहा ग्रॅम, म्हणजे आपण त्या दिवशी खाल्लं असेल साधारण तेवढंच. खाल्ल्या मिठाला जागणं म्हणजे काय, ते मूत्रपिंडाकडून शिकावं.

यातलं बहुतेक मीठ मूत्रनलिकेच्या सुरुवातीच्या टप्प्यांतच परत घेतलं जातं. खरी कसोटी लागते ती अगदी शेवटच्या वळणांवर, उरलेल्या दोन-तीन टक्क्यांपाशी. दोन टक्के ऐकायला किरकोळ वाटतात. पण दीड किलोचे दोन टक्के म्हणजे तीस ग्रॅम. तेवढं मीठ रोज हातचं जाऊ लागलं तर रक्तातलं पाणी त्याच्यामागोमाग जातं, रक्तदाब कोसळतो आणि माणूस काही दिवसांत आटोपतो. त्याच वळणांवर दुसराही व्यवहार चालतो. सोडियम आत घ्यायचं आणि त्याच्या बदल्यात पोटॅशियम बाहेर टाकायचं. रक्तात पोटॅशियम लिटरमागे साडेतीन ते पाच मिलिमोलच्या मर्यादेत राहावं लागतं. त्याहून फार चढलं की हृदयाचा ठोका चुकतो, फार उतरलं की स्नायू लुळे पडतात. आपल्याकडे अतिदक्षता विभागाच्या दाराशी उभे असलेले नातेवाईक एकमेकांना ‘सोडियम खाली गेलंय’, ‘पोटॅशियम वाढलंय’ असं दबक्या आवाजात सांगत असतात. रिपोर्टावरच्या त्या दोन ओळींमागे हीच शेवटची वळणं असतात.

मूत्रपिंडाला हा हिशेब स्वतःच्या डोक्याने ठेवता येत नाही, त्याला वरून हुकूम लागतो, याची पहिली चाहूल १८५५ सालची. लंडनच्या गायज हॉस्पिटलमधले थॉमस ॲडिसन यांनी त्या वर्षी अकरा रुग्णांची वर्णनं प्रसिद्ध केली. गळून गेलेली, अन्नावरची वासना उडालेली, त्वचा काळवंडलेली माणसं. मेल्यानंतर बघावं तर त्यांच्या ॲड्रिनल ग्रंथी सडलेल्या किंवा आक्रसलेल्या. पुढच्याच वर्षी शरीरक्रियाशास्त्रज्ञ ब्राउन-सेकार्ड यांनी प्राण्यांमधल्या या ग्रंथी काढून पाहिल्या. प्राणी मेले. बोटाच्या पेराएवढी ग्रंथी, आणि तिच्याविना जीव राहत नाही.

पुढे १९३०च्या दशकात न्यूयॉर्कच्या रॉबर्ट लोब यांनी दाखवून दिलं की ॲडिसनच्या आजारात रक्तातलं सोडियम घसरतं आणि रुग्णांना भरपूर मीठ दिलं तर ते सावरतात. त्याच सुमारास कर्ट रिक्टर यांनी ॲड्रिनल काढलेल्या उंदरांपुढे साध्या पाण्याची आणि मिठाच्या पाण्याची भांडी ठेवली. उंदीर खारट भांड्यावर तुटून पडले आणि जगले. म्हणूनच काही वर्षांनी त्या मुलाची हकिगत समोर आली तेव्हा तिचा अर्थ रिक्टर यांना लागला.

आता प्रश्न होता तो ग्रंथीतल्या त्या द्रव्याचा. आणि इथे रसायनशास्त्रज्ञांची झुंबड उडाली. अमेरिकेत मेयो क्लिनिकमध्ये एडवर्ड केंडल, कोलंबिया विद्यापीठात ऑस्कर विंटरस्टायनर, स्वित्झर्लंडमध्ये ताडेउश राइखश्टाइन. कत्तलखान्यांतून गुरांच्या ॲड्रिनल ग्रंथी टनांनी यायच्या. त्यांचा अर्क काढायचा, आटवायचा, गाळायचा, पुन्हा विरघळवायचा आणि थंड करून स्फटिक धरतात का पाहायचं. एकामागून एक स्टेरॉइडं सापडत गेली; एकट्या राइखश्टाइन यांच्या प्रयोगशाळेने दोन डझनांहून अधिक वेगळी केली. १९३७ साली त्यांनी डीऑक्सिकॉर्टिकोस्टेरॉन नावाचं स्टेरॉइड प्रयोगशाळेत बनवलं. ते मीठ धरून ठेवत होतं, ॲडिसनच्या रुग्णांना जगवत होतं. मग १९४९ साली या ग्रंथीतल्याच कॉर्टिसोन नावाच्या स्टेरॉइडची बातमी आली. संधिवाताने जखडलेली माणसं खाटेवरून उठून चालू लागली, आणि १९५० चं नोबेल केंडल, राइखश्टाइन आणि फिलिप हेंच यांना मिळालं.

साखरेचा कारभार कॉर्टिसोनच्या जातीची संप्रेरकं बघतात आणि मिठाचा डीऑक्सिकॉर्टिकोस्टेरॉन, असं एकंदर ठरून गेलं. बहुतेकांच्या लेखी विषय संपला.

एक गोष्ट मात्र बसत नव्हती. अर्कातून सगळे सुरेख स्फटिक काढून घेतल्यावर तळाशी एक चिकट, तपकिरी गाळ उरायचा. त्याचे स्फटिक होत नसत, म्हणून त्याला ‘आकारहीन अंश’ म्हणत. केंडल आणि विंटरस्टायनर दोघांच्याही हे ध्यानात आलं होतं की ॲड्रिनल काढलेल्या प्राण्यांना तगवून धरण्याची ताकद त्या देखण्या स्फटिकांपेक्षा या गाळात जास्त आहे. शिवाय डीऑक्सिकॉर्टिकोस्टेरॉन ग्रंथीत सापडत होतं ते नावापुरतं. मग मीठ सांभाळत कोण होतं? दशकभर हा प्रश्न शोधनिबंधांच्या तळटीपांत पडून होता. ज्यांच्याकडे टनावारी ग्रंथी होत्या त्यांना त्यात रस उरला नव्हता.

रस होता तो लंडनच्या मिडलसेक्स हॉस्पिटलमधल्या दोघांना, आणि दोघंही रसायनशास्त्रज्ञ नव्हती.

सिल्विया सिम्पसन प्राणिशास्त्राची. जन्म १९१७ सालचा, सैबेरियातल्या ट्युमेन गावचा. आई रशियन, वडील स्कॉटिश. रशियातल्या यादवीच्या धामधुमीत कुटुंब इंग्लंडला आलं. आधी भाषा शिकायला घेतलेल्या या मुलीने मग वाट बदलून लंडनला प्राणिशास्त्राची पदवी घेतली. लग्न झालं, आणि वर्षभरातच, १९४१ मध्ये, हवाई दलात असलेला नवरा युद्धात मारला गेला. १९४४ मध्ये ती मिडलसेक्सच्या जैवरसायन संस्थेत दाखल झाली. जेम्स टेट तिच्याहून जवळजवळ नऊ वर्षांनी लहान, भौतिकशास्त्राचा पदवीधर, रुग्णालयाच्या भौतिकी विभागात नोकरीला. त्याला किरणोत्सर्ग मोजता यायचा. तिला उंदीर हाताळता यायचे. पुढचं सगळं या दोन कसबांच्या जोडीतून घडलं आहे.

कुठल्या अर्कात किती मीठ-धारक शक्ती आहे हे तोवर कसं ठरवत? प्राणी किती दिवस जगतो त्यावरून. पण त्यासाठी अर्क खूप लागायचा, वेळ खूप जायचा आणि उत्तर ढोबळ यायचं. सिम्पसन आणि टेट यांनी माप बदललं. ॲड्रिनल काढलेल्या उंदराला अर्काचा एक सूक्ष्म डोस आणि त्याबरोबर किरणोत्सर्गी सोडियम आणि किरणोत्सर्गी पोटॅशियम टोचायचं. काही तासांची लघवी गोळा करायची. तिच्यात दोन्ही किती उतरलं ते किरणोत्सर्ग मोजणाऱ्या यंत्रावर पाहायचं आणि सोडियमला पोटॅशियमने भागायचं.

हा भागाकार हीच खरी युक्ती होती, आणि मला ती या साऱ्या गोष्टीतली सगळ्यात सुंदर वाटते. संप्रेरक असेल तर सोडियम आत राहतं, म्हणून वरचा आकडा घटतो; पोटॅशियम बाहेर पडतं, म्हणून खालचा वाढतो. दोन्ही परिणाम एकाच दिशेने ओढतात आणि गुणोत्तर झपकन खाली येतं. उंदीर जास्त पाणी प्यायला की कमी, लघवी एक थेंब झाली की पाच, याने वरचे आणि खालचे आकडे सारखेच हलतात, भागाकार हलत नाही. ज्या गोष्टींनी आजवरची मापं गढूळ केली होती, त्या आपोआप कटल्या.

पण घड्याळाची घाई मोठी. किरणोत्सर्गी सोडियम पंधरा तासांत निम्मं होतं, पोटॅशियम साडेबारा तासांत. अणुभट्टीतून निघालेला माल हाती पडला की लगेच कामाला लागायचं. उंदीर आधीच तयार ठेवलेले, नळ्या मांडलेल्या. एक दिवस वाया गेला तर दोन तृतीयांश ते पाऊण माल विरून गेलेला.

या मापाने त्यांनी बाजारात मिळणारा गुरांच्या ॲड्रिनलचा अर्क तपासला. त्यात जी स्टेरॉइडं असल्याचं माहीत होतं त्या सगळ्यांची शक्ती जोडली तरी आकडा जुळेना. अर्क त्याहून कितीतरी जास्त मीठ धरून ठेवत होता.

मग हिलरी ग्रंडी यांच्या साथीने त्यांनी कागदी क्रोमॅटोग्राफी लावली. गाळणीच्या कागदाच्या लांब पट्टीवर अर्काचा ठिपका ठेवायचा आणि द्रावक त्यावरून सावकाश ओघळू द्यायचा. घटक आपापल्या चालीने पुढे सरकतात आणि पट्टीवर वेगवेगळ्या ठिकाणी थांबतात. सुकलेली पट्टी आडवी कापून तुकडे करायचे, प्रत्येक तुकडा धुऊन काढायचा आणि ते धुवण एकेका गटातल्या उंदरांना टोचायचं. सगळी शक्ती एका तुकड्यात उतरली. आणि तो तुकडा नेमका तिथलाच होता जिथे कॉर्टिसोन थांबतं.

इथे एखादा गडी मागे फिरला असता. कॉर्टिसोन तर ठाऊक आहे, त्याचं मोजमाप झालेलं आहे, ते मिठाला इतकं घट्ट धरत नाही हेही ठाऊक आहे. मग हा ठिपका म्हणजे कॉर्टिसोनच, आणि मापात काहीतरी चुकतंय, असा निष्कर्ष काढणं सोपं होतं. ऐकणाऱ्यांपैकी काहींना तसं वाटलंही. पण सिम्पसन आणि टेट यांचा आपल्या उंदरांवर भरवसा होता. त्यांनी द्रावक बदलला. इयन बुश या तरुण संशोधकाने स्टेरॉइडांसाठी नुकत्याच बसवलेल्या पद्धतीत तोच अंश नव्या पट्टीवर पुन्हा चालवला. या वेळी दोघांची फारकत झाली. कॉर्टिसोन एकीकडे गेलं, आणि मीठ धरणारं ते काहीतरी दुसरीकडे जाऊन थांबलं.

१९५२ साली ‘नेचर’मध्ये ग्रंडी, सिम्पसन आणि टेट यांचं टिपण आलं. त्याच वर्षी बुश यांच्याबरोबर त्यांनी आणखी एक शंका निकालात काढली. हे द्रव्य मेलेल्या ग्रंथीचा अर्क काढताना तयार होत असेल तर? म्हणून त्यांनी कुत्रा आणि माकड यांच्या ॲड्रिनलमधून बाहेर पडणाऱ्या शिरेतलंच रक्त तपासलं. तिथेही ते होतं. म्हणजे जिवंत ग्रंथी ते रक्तात सोडत होती. त्याला त्यांनी इलेक्ट्रोकॉर्टिन असं नाव दिलं.

नाव मिळालं, पण द्रव्य कुठे होतं? कागदाच्या पट्टीवर, डोळ्याला न दिसणारं. त्याची रचना ठरवायची तर स्फटिक हवेत, स्फटिकांसाठी ग्रंथींचा डोंगर हवा आणि तो उपसणारे हात हवेत. मिडलसेक्समध्ये दोन्ही नव्हतं. बाझेलमध्ये होतं. राइखश्टाइन आता तिथल्या विद्यापीठात होते आणि शेजारीच सीबा कंपनीत आल्बर्ट वेटश्टाइन आणि रोबर्ट नेहर. नोबेल मिळालेला माणूस आपल्याच जुन्या गाळाकडे परत वळला, हे मला फार मोठं वाटतं. लंडनची मोजणी आणि बाझेलचं रसायन अशी सांगड पडली. बाझेलला अर्क शुद्ध व्हायचा, आणि कुठला अंश ठेवायचा, कुठला टाकायचा ते उंदरांच्या लघवीवरून ठरायचं.

सुमारे ५०० किलो गुरांच्या ॲड्रिनल ग्रंथी. त्यांतून १९५३ साली हाती आले ते वीस-एक मिलिग्रॅम स्फटिक. चमच्याच्या टोकावर मावतील आणि फुंकर मारली तर उडून जातील एवढे. अमेरिकेतले रसायनशास्त्रज्ञही तोवर त्याच गाळात पुन्हा हात घालून बसले होते आणि फार मागे नव्हते. सप्टेंबरात स्विस नियतकालिक ‘एक्स्पेरिएन्शिया’मध्ये लंडन आणि बाझेलच्या मंडळींचा लेख एकत्र छापून आला. या द्रव्याची सोडियम धरण्याची ताकद डीऑक्सिकॉर्टिकोस्टेरॉनच्या वीस पटींहून जास्त भरली होती.

पुढच्या वर्षी रचना उलगडली. रेणूत कार्बनचे २१ अणू, हायड्रोजनचे २८, ऑक्सिजनचे ५. कॉर्टिसोनमध्येही हेच, इतकेच. तेच अणू, तेवढेच, वजनही तेच. फक्त मांडणी निराळी. अठराव्या क्रमांकाच्या कार्बनवर इथे अल्डिहाइडचा गट होता, आणि त्या जागी ऑक्सिजन असलेलं एकही नैसर्गिक स्टेरॉइड तोवर कुणाला माहीत नव्हतं. त्यातही हा गट उघडा बसत नाही. द्रावणात तो शेजारच्या ऑक्सिजनला वळसा घालून त्याच्याशी कडी करून बसतो. या अल्डिहाइडवरून इलेक्ट्रोकॉर्टिनचं नाव बदललं आणि अल्डोस्टेरॉन झालं.

निरोगी माणसाच्या ॲड्रिनल ग्रंथी दिवसाकाठी साधारण १०० ते १५० मायक्रोग्रॅम अल्डोस्टेरॉन तयार करतात. बारीक मिठाचा एक कण ५०-६० मायक्रोग्रॅमच्या घरात भरतो. म्हणजे मिठाच्या दोन-तीन कणांच्या वजनाचं द्रव्य दीड किलो मिठाच्या व्यवहारावर शेवटचा हात फिरवतं.

ते कसं, हे हळूहळू पुढच्या काही दशकांत कळत गेलं. रक्त कमी पडलं की मूत्रपिंडातल्या काही खास पेशी रेनिन सोडतात. रेनिनमुळे रक्तात अँजिओटेन्सिन तयार होतं. ते ॲड्रिनलच्या अगदी बाहेरच्या थराला उठवतं आणि तिथून अल्डोस्टेरॉन निघतं. रक्तात पोटॅशियम वाढलं तर तो थर थेटही जागा होतो. अल्डोस्टेरॉन तेलात विरघळणारं असल्याने मूत्रनलिकेच्या पेशीत सहज शिरतं, तिथल्या ग्राहकाला बिलगतं, त्याच्यासह पेशीच्या केंद्रकात जातं आणि ठरावीक जनुकांना कामाला लावतं. तासाभराने पेशीच्या नलिकेकडच्या भिंतीत सोडियमसाठीची दारं वाढू लागतात. सोडियम आत येतं, मागच्या बाजूने रक्तात ढकललं जातं, आणि पोटॅशियम बाहेरच्या वाटेला लागतं.

यातही एक पेच होता. त्या ग्राहकाला ॲड्रिनलमधलंच दुसरं संप्रेरक कॉर्टिसोलही तेवढंच आवडतं, आणि कॉर्टिसोल रक्तात अल्डोस्टेरॉनच्या कितीतरी पट असतं. मग अल्डोस्टेरॉनची डाळ शिजते कशी? उत्तर १९८८च्या सुमारास मिळालं. मूत्रनलिकेच्या पेशीत एक विकर दारावरच कॉर्टिसोलला गाठून त्याचं कॉर्टिसोन करून टाकतं, आणि कॉर्टिसोन त्या ग्राहकात बसत नाही. आपल्या घरातलं ज्येष्ठमध या विकराला अडवतं. खोकल्याला चघळलेल्या एखाद्या काडीने काही होत नाही. पण महिनोन्‌महिने मोठ्या प्रमाणात घेतलं तर पहारा उठतो, कॉर्टिसोल आत घुसतं, अंगावर सूज येते, रक्तदाब चढतो आणि पोटॅशियम उतरतं. नेदरलँड्समध्ये रेव्हर्स नावाच्या डॉक्टरांनी जठरातल्या व्रणावर ज्येष्ठमधाचा अर्क देताना १९४६ सालीच ही सूज पाहून ठेवली होती. कारण कळायला चार दशकं गेली.

पण मला सांगायचीय ती १९५४ सालची गोष्ट. अल्डोस्टेरॉनची रचना छापून आली त्याच वर्षी अमेरिकेत मिशिगन विद्यापीठात जेरोम कॉन यांच्याकडे ३४ वर्षांची एक बाई आली. सात वर्षं तिला स्नायूंच्या दुबळेपणाचे झटके येत होते. कधी पाय उचलत नसत, कधी हातांना पेटके. रात्री लघवीला सारखं उठावं लागे. रक्तदाब १७६/१०४. रक्तातलं पोटॅशियम इतकं उतरलेलं की ती चालत कशी आली याचं नवल वाटावं.

कॉन यांच्या गाठीशी एक जुना अनुभव होता. दुसऱ्या महायुद्धात दमट उष्ण मुलखात लढणाऱ्या सैनिकांसाठी त्यांनी घामाचा अभ्यास केला होता. काही दिवस उकाड्यात काढले की माणसाच्या घामातलं मीठ कमी होत जातं. शरीर ते वाचवायला शिकतं, आणि हे शिकवणारं संप्रेरक ॲड्रिनलमधूनच येत असावं असा त्यांचा होरा होता. आता त्यांनी या बाईचा घाम आणि लाळ तपासली. दोन्हींत सोडियम जेमतेम होतं. रणरणत्या उकाड्यात महिनोन्‌महिने राबल्यासारखं तिचं शरीर मीठ राखत होतं.

२२७ दिवस ती रुग्णालयात राहिली. काय खाल्लं, काय प्यायली, काय बाहेर पडलं, प्रत्येक गोष्टीची नोंद. तिच्या लघवीत मीठ धरणाऱ्या द्रव्याची शक्ती निरोगी माणसाच्या कितीतरी पट भरली. ऑक्टोबरच्या अखेरीस शिकागोच्या एका परिषदेत अध्यक्षीय भाषणात कॉन यांनी या नव्या आजाराला नाव देऊन टाकलं. ग्रंथीत नेमकं काय आहे ते अजून कुणीही पाहिलेलं नव्हतं. दोन्ही ॲड्रिनल काढाव्या लागतील अशीच तयारी होती. म्हणजे जन्मभरासाठी ॲडिसनचा आजार पदरात घालणं.

डिसेंबरात पोट उघडलं. उजव्या ग्रंथीत चार सेंटिमीटरची एक गाठ होती. तेवढी काढली आणि डाव्या ग्रंथीला हात न लावता टाके घातले. धरून ठेवलेलं मीठ लघवीवाटे जाऊ लागलं, पोटॅशियम अंगात टिकू लागलं आणि रक्तदाब उतरला. रक्तदाबाच्या बऱ्याच रुग्णांच्या मुळाशी हाच आजार असेल असं कॉन पुढे हयातभर सांगत राहिले. तेव्हा त्यांचं कुणी फारसं मनावर घेतलं नाही. आता पोटॅशियम नेहमीसारखं असलेल्या रुग्णांमध्येही तो सापडू लागला आहे आणि डॉक्टर त्याला शोधू लागले आहेत.

सिल्विया आणि जेम्स यांनी १९५६ साली लग्न केलं. १९५९ मध्ये रॉयल सोसायटीने दोघांना एकाच वेळी सदस्यत्व दिलं. पुढची चार दशकं ती दोघं जवळपास एकाच विषयावर काम करत राहिली. नोबेल त्यांना मिळालं नाही.

बाल्टिमोरच्या त्या मुलाला जो जन्मजात दोष असावा, तो घेऊन आजही मुलं जन्माला येतात, आपल्याकडेही. वेळीच ओळखला तर त्यांना फ्लुड्रोकॉर्टिसोन देतात. अल्डोस्टेरॉनच्या स्फटिकांच्याच सुमारास बनलेलं ते औषध अल्डोस्टेरॉनचंच काम करतं. गोळी असते ०.१ मिलिग्रॅमची, रोज घ्यायची, जन्मभर. पहिल्या वर्षात आईला आणखी एक गोष्ट सांगतात. दिवसाचं मीठ मोजून द्यायचं, आणि बाळाच्या दुधात थोडं थोडं मिसळून पाजायचं.